धातू-संकुलाचे संश्लेषण आणि शेकडा उतारा

धातूच्या आयनाभोवती (विद्युतभारित अणूभोवती) अमोनिया, पाणी, ऑक्झलेट असे रेणू किंवा आयन आपल्याजवळची इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन बांधले गेले, की जे संयुग तयार होते त्याला धातू-संकुल किंवा जटिल संयुग म्हणतात. भोवतीच्या या घटकांना लिगंड हे नाव आहे. या बांधणीची आजची समज आल्फ्रेड वर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातून आली. त्याबद्दल त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असे संकुल प्रयोगशाळेत बनवणे आणि हिशेबाने जेवढे मिळायला हवे त्याच्या शंभरात किती हाती आले ते काढणे, या दोन गोष्टी एकाच प्रयोगाच्या दोन बाजू आहेत.

पुण्याच्या परिसरात ‘उतारा’ हा शब्द साखर कारखान्यांमुळे घरोघरी माहीत आहे, पण तिथला अर्थ इथे जसाच्या तसा लावू नये. साखर उतारा म्हणजे शंभर किलो उसामागे किती किलो साखर निघाली ते. तिथे भागाकार उसाच्या वजनाने होतो. रसायनशास्त्रातला शेकडा उतारा, म्हणजेच पर्सेंटेज यील्ड, काढताना भागाकार कच्च्या मालाच्या वजनाने होत नाही. अभिक्रिया पूर्ण झाली आणि कणही वाया गेला नाही असे धरून जास्तीत जास्त जेवढे मिळू शकते, त्या सैद्धान्तिक उताऱ्याने भागायचे असते.

पुण्यातल्या विज्ञान महाविद्यालयांत पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येणाऱ्या प्रिपरेशनपैकी टेट्राअमाइन कॉपर सल्फेट हे सर्वांत देखणे. सुरुवात मोरचुदापासून, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटपासून होते. जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागांत बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी लागते तेच हे मोरचूद, फक्त प्रयोगाला शुद्ध प्रतीचे घ्यावे लागते. पाच ग्रॅम मोरचूद थोड्या पाण्यात विरघळवून त्यात सल्फ्युरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकतात आणि मग तीव्र अमोनिया थेंबाथेंबाने सोडतात. आधी फिकट निळा, दह्यासारखा साका येतो. इथे घाबरून थांबायचे नाही. काचकांडीने ढवळत अमोनिया घालत राहिले की साका विरघळतो आणि चंचुपात्रातला द्रव एकदम गडद, जांभळट निळा होतो. तांब्याभोवतीच्या पाण्याच्या चार रेणूंची जागा आता अमोनियाच्या चार रेणूंनी घेतलेली असते.

संकुल पाण्यात विरघळते, अल्कोहोलमध्ये जवळपास नाही. म्हणून पात्राच्या कडेने अल्कोहोल हळूच सोडतात आणि पात्र बर्फात ठेवतात. घाई केली तर बारीक भुकटी पडते. थर न मोडता तसेच राहू दिले तर सुईसारखे लांब स्फटिक वाढतात. ते बुकनर फनेलवर, म्हणजे छिद्रांच्या सपाट तळाच्या नरसाळ्यावर गाळून, अल्कोहोलने धुऊन, टीपकागदात दाबून हवेवर सुकवतात. ओव्हनमध्ये ठेवू नयेत, कारण उष्णतेने अमोनिया निघून जातो आणि रंग उतरतो.

आता हिशेब. मोरचुदाचे रेणुभार २४९.७, म्हणजे ५.०० ग्रॅममध्ये ०.०२००२ मोल (ग्रॅममधले वजन भागिले रेणुभार). अमोनिया त्याच्या चौपट, सुमारे ०.०८ मोल लागतो. दहा मिलिलिटर तीव्र अमोनियात तो सुमारे ०.१५ मोल असतो. म्हणजे आधी संपते ते मोरचूद, तेच लिमिटिंग रीएजंट. तांबे ६३.५५, चार अमोनिया ६८.१२, सल्फेट ९६.०६ आणि पाण्याचा एक रेणू १८.०२ मिळून संकुलाचे रेणुभार २४५.७. एक मोल मोरचुदापासून एक मोल संकुल मिळते, त्यामुळे सैद्धान्तिक उतारा ०.०२००२ गुणिले २४५.७, म्हणजे ४.९२ ग्रॅम. वॉच ग्लासवर ४.१८ ग्रॅम भरले, तर शेकडा उतारा ८५.०.

याच उदाहरणात एक खड्डा आहे. मोरचूद आणि संकुल यांचे रेणुभार इतके जवळ आहेत, की विद्यार्थ्याने चुकून सरळ पाच ग्रॅमने भागले तरी उत्तर ८३.६ येते आणि चूक कुणाच्या लक्षात येत नाही. ती उघडी पडते पोटॅशियम ट्रायऑक्झलेटोफेरेट या हिरव्या, उजेडात खराब होणाऱ्या संकुलापाशी. ५.०० ग्रॅम मोहर सॉल्ट या लोखंडाच्या क्षारापासून त्याचा सैद्धान्तिक उतारा ६.२६ ग्रॅम आहे. पाच ग्रॅम स्फटिक मिळाले तर खरा उतारा ७९.८ टक्के असतो, आणि चुकीचा भागाकार मात्र शंभर टक्के दाखवतो.

शंभराच्या वर आकडा आला तर आनंद मानू नये. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्फटिक लवकर सुकत नाहीत, तांब्याचे निळे संकुल ५.२ ग्रॅम भरले की उतारा १०५.७ दिसतो, आणि तो वरचा भाग बहुतेक पाणी व अल्कोहोल असतो. थोड्या वेळाने पुन्हा वजन करावे आणि सलग दोन वजने जुळली की मगच जर्नलमध्ये लिहावे. वह्यांत ८५ चा ठरावीक आकडा उतरवण्याची सवय या प्रयोगाचा जीव घेते. प्रामाणिकपणे लिहिलेले ६२ टक्के अधिक मोलाचे, कारण अल्कोहोल कमी पडले की धुताना स्फटिक वाहून गेले, हे त्यावरून शोधता येते.

उतारा शुद्धतेबद्दल काहीच सांगत नाही. तांब्याचे अनुमापन (टायट्रेशन) करूनही इथे फारसे कळत नाही, कारण मोरचुदात तांबे २५.५ टक्के आणि संकुलात २५.९ टक्के. अमोनिया मोजावा; शुद्ध संकुलात तो वजनाच्या २७.७ टक्के असायला हवा.

उरलेल्या पंधरा टक्क्यांचा हिशेबही मांडायला हवा. ८५ टक्के उताऱ्याला प्रत्येक विद्यार्थ्यामागे सुमारे ०.१९ ग्रॅम तांबे स्फटिकांबाहेर राहते, वीसजणांच्या बॅचमागे जवळपास चार ग्रॅम. त्यातले बरेचसे गाळीव द्रवात असते आणि पाण्यातल्या जीवांना तांबे विषारी आहे. हा निळा द्रव सिंकमध्ये ओतू नये, बाटलीत जमा करावा. आम्ल घालून त्यात लोखंडी खिळे टाकले की तांबे त्यांच्यावर लालसर थराने बसू लागते आणि निळा रंग फिका होत जातो.