वंश का खुंटतो? फ्रान्सच्या उमरावांचा हिशोब

1279 साल. पॅरिसमध्ये घोडेस्वारांच्या झुंजीचा खेळ चालला होता. त्यात नुकताच सरदारकीची दीक्षा घेतलेला विशीतला एक तरुण उतरला, आणि त्याच्या डोक्यावर इतके घाव बसले की त्याची बुद्धी कायमची बिघडली. हा रॉबेर, नवव्या लुई राजाचा सर्वांत धाकटा मुलगा. त्याच्याकडून कुणी कसली अपेक्षा धरावी? तरीही पुढे फ्रान्सचं सिंहासन गेलं ते त्याच्याच वंशजांकडे.

एखादा वंश असा शतकानुशतकं टिकणं किती दुर्मिळ आहे, ते कळायला मध्य फ्रान्समधल्या फोरेझ परगण्याचे आकडे पाहावेत. इतिहासकार एदुआर पेर्वा यांनी तिथली तेराव्या शतकातली 215 उमराव घराणी मोजली. शतक संपेपर्यंत त्यांतली 66 नाहीशी झाली, चौदाव्या शतकात आणखी 80 गेली. 1789 च्या क्रांतीपर्यंत टिकली फक्त 5.

असं म्हटलं की आपल्याला लगेच प्लेग आणि इंग्लंडशी झालेलं शंभर वर्षांचं युद्ध आठवतं. क्रेसी आणि अजँकूरच्या रणांगणांवर उमराव शेकड्यांनी पडले, हे खरंच आहे. पण घराणी बुडायला एवढ्या संकटांची गरजच नसते.

समजा, शंभर घराणी आहेत आणि प्रत्येकात एकच कर्ता पुरुष. जाणता होईपर्यंत जगलेला मुलगा प्रत्येकाला सरासरी एक. म्हणजे एकूण संख्या घटतही नाही, वाढतही नाही. पण सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एक नव्हे. कुणाला तीन, कुणाला एकही नाही. ही वाटणी निव्वळ योगायोगाची धरली, तर पहिल्याच पिढीत सुमारे 37 घराण्यांत मुलगा उरत नाही. चौथ्या पिढीपर्यंत 69 संपतात. एकदा शून्य आलं की ते घराणं कायमचं गेलं, कारण शून्यातून परत वर येता येत नाही. हे गणित 1845 मध्ये मांडलं ते फ्रेंच गणिती बिएनेमे यांनी, आणि त्यांच्यासमोर प्रश्न होता तो घराणी का नष्ट होतात हाच.

त्यात उमरावांनी स्वतःच भर घातली. जहागिरीचे तुकडे पडू नयेत म्हणून धाकट्या मुलांना अनेकदा चर्चकडे पाठवलं जाई. त्यांची लग्नं होत नसत. थोरला निपुत्रिक गेला की मागे कुणीच नाही. मुलगा दत्तक घेऊन वंश चालवण्याची रीत तिथल्या उमरावांत जवळजवळ नव्हती. जमीन अखंड राखण्याच्या हट्टापायी त्यांनी वंशालाच धोका ओढवून घेतला, असं मला वाटतं.

मग जमिनीचं काय होई? अनेक ठिकाणी ती मुलीकडे जाई, आणि किताब जमिनीला चिकटलेला असल्यामुळे तोही तिच्याबरोबर नवऱ्याच्या घरी जाई. अशा वारसदार मुलीला केवढी मागणी असेल! उमराववर्ग मात्र रिकामा झाला नाही. राजाच्या चाकरीतली माणसं, जमिनी विकत घेणारे धनिक, राजाकडून उमरावकीचं पत्र मिळवणारे लोक रिकाम्या जागी येत राहिले.

आता पुन्हा रॉबेरकडे. त्याचा वंश ज्या नावानं ओळखला जातो, ते 'बूर्बाँ' हे नावसुद्धा त्याचं नव्हे. 1272 मध्ये त्यानं लग्न केलं त्या बेआत्रिसची ती जहागीर. मुलगा लुई 1327 मध्ये बूर्बाँचा पहिला ड्यूक झाला. थोरल्या शाखेत 1503 मध्ये ड्यूक वारला तेव्हा मागे एकच मुलगी होती, सुझान. तिचं लग्न शार्ल नावाच्या भाऊबंदाशी लावून किताब घरात ठेवला गेला, पण सुझान 1521 मध्ये गेली आणि शार्ल 1527 मध्ये रोमवरच्या हल्ल्यात मारला गेला. थोरली शाखा संपली. धाकटी शाखा तग धरून होती. तिला वाँदोमची जहागीर मिळाली ती काटरीन नावाच्या सुनेमुळे, आणि पुढे नाव्हारचं राज्य मिळालं ते झान द'आल्ब्रे या सुनेमुळे. 1589 मध्ये झानचा मुलगा चौथा आंरी म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला. रॉबेरपासून मोजलं तर तो दहावा पुरुष.