दाढेच्या मुळातला मसाला बाहेर कशामुळे जातो?

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावला येऊन रूट कॅनॉल करून घेणाऱ्यांच्या हातात शेवटी एक एक्स-रे येतो. त्यातली पांढरी रेघ मुळाच्या टोकाबाहेर गेलेली दिसली, की डॉक्टरांनी मसाला जास्त दाबला असे वाटते. पण दोष बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या कामात, म्हणजे मुळातल्या पोकळ नळीला कोरून दिलेल्या आकारात असतो.

हा मसाला म्हणजे गटापर्चा. झाडाच्या चिकापासून मिळणारा गटापर्चा त्यात साधारण 20 टक्केच असतो. मोठा भाग झिंक ऑक्साइडचा. गरम केला की तो मऊ होतो आणि दाबला की वाट मिळेल तिकडे सरकतो. म्हणून नळी वर रुंद आणि टोकाकडे सलग निमुळती हवी. सर्वांत अरुंद जागा टोकापाशीच राहिली, तर मसाला तिथे अडतो आणि दाब भिंतींवर पसरतो. हर्बर्ट शिल्डर यांनी 1974 साली हीच अट मांडली: टोकाचे छिद्र मूळ जागी आणि शक्य तितके लहान ठेवायचे.

हिशेब पाहा. नळी कोरायच्या सुईला फाइल म्हणतात. 25 नंबरच्या फाइलचे टोक 0.25 मिमी जाडीचे असते. उतार 2 टक्के, म्हणजे दर मिमीला 0.02 मिमी, असेल तर टोकापासून 5 मिमी वर नळी 0.35 मिमी रुंद होते. 6 टक्के असेल तर 0.55 मिमी. मसाला दाबायचा 0.5 मिमीचा प्लगर दुसऱ्या नळीत तिथवर उतरतो, पहिलीत मात्र टोकापासून 12.5 मिमीवरच अडकतो. गरम प्लगरच्या पुढे गटापर्चात उष्णता जेमतेम 4-5 मिमी पोहोचते. म्हणजे टोकाचा मसाला मऊच होत नाही, आणि कितीही जोर लावला तरी तिथली पोकळी भरत नाही. उतार वाढवायलाही मर्यादा आहेच. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळाची मागच्या मुळाकडची भिंत पातळ असते, जास्त कोरली तर तिला भोक पडते.

खरी अडचण वाकड्या मुळात येते. ताठ फाइल सरळ होऊ पाहते, टोकाशी बाहेरची बाजू खरवडते आणि गोल छिद्र थेंबासारखे लांबट होते. गटापर्चाची तयार निमुळती काडी, म्हणजे कोन, गोल असते; ती तिथे घट्ट बसत नाही. दाब दिला की मसाला पुढे निसटतो. म्हणून आधी 10 आणि 15 नंबरच्या, टोकाला बाक दिलेल्या हातफाइलींनी वाट करायची आणि मगच लवचीक निकेल-टायटॅनियमच्या फाइली वापरायच्या. कोरताना बाक थोडा सरळ होतो आणि नळीची लांबी घटते, त्यामुळे ती शेवटी पुन्हा मोजायलाच हवी. जुन्या मापावर काम केले, तर फाइल छिद्राबाहेर जाऊन मसाला अडवणारी टोकाची अरुंद जागाच मोडते.

भरण्यापूर्वी कोन ठरलेल्या लांबीवर बसवून हलकेच ओढून पाहतात. किंचित पकड जाणवली पाहिजे. तो पुढे सरकला, तर टोक कापायचे किंवा जाड कोन घ्यायचा. 6 टक्के उताराच्या 25 नंबरच्या कोनाचे 1 मिमी कापले की टोक 0.31 मिमी होते.

नळी नीट स्वच्छ झालेली असेल, तर किंचित बाहेर गेलेला मसाला बहुधा त्रास देत नाही. खालच्या मागच्या दाढांची गोष्ट वेगळी, कारण त्यांच्या मुळांखालून ओठाची संवेदना नेणारी नस जाते. घरी परतल्यावर, भुलीचा असर उतरण्याची वेळ टळून गेली तरी ओठ किंवा हनुवटी बधिरच असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.