'हेलो'चे लाडके मॅप: खोऱ्यापासून फोर्जपर्यंत

'हेलो' या विज्ञानकथात्मक शूटर मालिकेतला सर्वांत आवडता मल्टिप्लेअर मॅप, म्हणजे अनेक खेळाडूंच्या सामन्याचे मैदान, कोणता, असा वाद निघाला की ब्लड गल्च आणि लॉकआउट ही दोन नावे हटकून पुढे येतात. यांपैकी एक उघड्या खोऱ्याचा आणि वाहनांच्या धुमाकुळाचा, तर दुसरा अरुंद पुलांचा आणि उंच मनोऱ्यांचा. हे दोन मॅप इतके लाडके का झाले याचे उत्तर त्यांच्या देखणेपणात फारसे सापडत नाही. त्या त्या काळात खेळाडू एकमेकांशी कोणत्या मार्गाने जोडले जात होते, हे पाहिले की ते बरेचसे उलगडते.

बंजी या कंपनीने घडवलेला पहिला 'हेलो' 15 नोव्हेंबर 2001 रोजी, एक्सबॉक्स या नव्या कन्सोलबरोबरच बाजारात आला. एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा तेव्हा सुरूच झालेली नव्हती. त्यामुळे एका टीव्हीच्या पडद्याचे चार भाग करून चौघांनी खेळायचे, किंवा चार कन्सोल केबलने जोडून सोळा जणांनी, एवढेच पर्याय होते. मल्टिप्लेअरसाठी तेरा मॅप दिलेले होते. त्यांतला ब्लड गल्च म्हणजे चहूबाजूंनी कड्यांनी बंद झालेले खोरे आणि त्याच्या दोन टोकांना लाल व निळ्या संघाचे सारख्याच बांधणीचे तळ. वरवर पाहता आराखडा अगदी सोपा वाटतो. पण जमीन सपाट नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. तळाच्या छपरावरच्या स्नायपरला मोकळा भाग सहज टिपता येतो, मात्र पायी निघालेला खेळाडू उंचवट्यांच्या आडोशाने बराच पुढे सरकू शकतो. वॉर्टहॉग या जीपमध्ये एक जण चालवतो, दुसरा मागची मशीनगन सांभाळतो आणि तिसरा प्रतिस्पर्ध्यांच्या तळावरून पळवलेला झेंडा घेऊन शेजारी बसतो. म्हणजे नीट पळ काढायचा तर तिघांचा मेळ जमावाच लागतो. एकाच खोलीत बसून आरडाओरडा करत खेळणाऱ्यांना याहून सोयीचा मॅप मिळाला नसता.

मात्र ब्लड गल्चच्या कीर्तीचे निम्मे श्रेय वितरणाला द्यावे लागेल. 2003 मध्ये गिअरबॉक्सने हा खेळ पीसीवर आणला, त्यात इंटरनेटवरून खेळण्याची सोय केली आणि सहा नवे मॅपही दिले. त्याच्या मोफत चाचणी आवृत्तीत मल्टिप्लेअरसाठी एकच मॅप होता, तो म्हणजे ब्लड गल्च. ज्यांनी मूळ खेळ कधी विकत घेतला नाही, त्यांनाही हे खोरे तोंडपाठ झाले. त्याच वर्षी रूस्टर टीथने खेळातच चित्रित केलेली 'रेड व्हर्सेस ब्लू' ही विनोदी मालिका इंटरनेटवर सुरू केली. तिचे कथानक याच खोऱ्यात घडत असल्याने कन्सोल नसलेल्यांनाही त्या दोन तळांची ओळख झाली.

9 नोव्हेंबर 2004 रोजी 'हेलो 2' आला आणि सगळे गणित बदलले. आता एक्सबॉक्स लाइव्हवरचे मॅचमेकिंग अनोळखी खेळाडूंना त्यांच्या दर्जानुसार एकत्र आणू लागले. पुढचा मॅप कोणता असेल हे खेळाडूच्या हाती राहिले नाही. प्लेलिस्ट, म्हणजे सामन्यांची ठरलेली यादी, देईल तो घ्यायचा. अशा व्यवस्थेत लहान, काही मिनिटांत निकाल लावणारे आणि चार विरुद्ध चार सामन्यांना पुरेसे पडणारे मॅप तरले. लॉकआउट त्यांत अग्रणी ठरला. बर्फाळ प्रदेशात, खाली खोल दरी असलेल्या या इमारतीत पाऊल चुकले की थेट मृत्यू. येथे खेळाडूंनी जागांना स्वतःच नावे दिली: स्नायपर टॉवर, बीआर (बॅटल रायफल) टॉवर, लायब्ररी, एल्बो. हेडसेटवरून 'लायब्ररीत दोघे' एवढे शब्द ऐकू आले तरी सहकाऱ्याला नेमके कुठे वळायचे ते कळे. ही पद्धत इतकी रुळली की 2010 च्या 'हेलो: रीच'मध्ये जागांची नावे खेळाच्या पडद्यावरच दिसू लागली. याच काळातला झांझिबार वेगळ्या कारणाने लक्षात राहिला. त्यात एक संघ समुद्रकिनाऱ्यावरून चढाई करतो, दुसरा तळ राखतो, आणि मध्ये भलेमोठे चाक फिरत असते.

जुने मॅप नव्या रूपात आणण्याची चाल 'हेलो 2'पासून पक्की झाली. ब्लड गल्चचा कोॲग्युलेशन झाला. पुढे 2007 च्या 'हेलो 3'मध्ये झांझिबारचा लास्ट रिसॉर्ट झाला आणि 2008 च्या एप्रिलमध्ये लॉकआउट ब्लॅकआउट या नावाने परतला. त्याच सुमारास सशुल्क मॅप पॅकमुळे, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायच्या जादा मॅपच्या संचांमुळे, एक अडचणही उभी राहिली. पॅक घेतलेले आणि न घेतलेले खेळाडू वेगवेगळ्या गटांत विभागले जात, आणि चांगले मॅपही पुरेशा खेळाडूंअभावी ओस पडत. आवडते मॅप बहुतेक खेळाच्या मूळ डिस्कवरचेच का असतात, याचे एक कारण येथे आहे, असे मला वाटते.

'हेलो 3'मध्ये फोर्ज हे साधन आले. बंजीला अपेक्षा होती ती मॅपवरच्या वस्तू आणि शस्त्रे हलवण्याची. खेळाडूंनी मात्र त्यातून अख्खे मॅप उभारायला घेतले. डिसेंबर 2007 च्या पॅकमधले फाउंड्री हे रिकामे गोदाम त्यासाठी सोयीचे ठरले. दोन वस्तू एकमेकींत घुसवायला फोर्जची परवानगी नव्हती, तेव्हा खेळाडूंनी पळवाट काढली. पहिली वस्तू सामन्याच्या सुरुवातीला न दिसता उशिरा प्रकट होईल असे ठरवायचे, मॅप जतन करून पुन्हा उघडायचा आणि मधल्या वेळात तिच्या रिकाम्या जागी दुसरी वस्तू बसवायची. असे एकेक जोड लावत सरळ, सपाट भिंती उभ्या राहिल्या. 'रीच'मध्ये बंजीने वस्तू एकमेकींत बसवण्याची सोय अधिकृतपणे दिली आणि फोर्ज वर्ल्ड नावाचा प्रचंड मोकळा प्रदेशही दिला. ब्लड गल्चची नवी आवृत्ती हेमरेज त्यावरच बांधलेली होती. तक्रार एकच आणि रास्त होती: त्या सगळ्या मॅपवर तेच ते करडे ठोकळे दिसत.

'रीच'मध्ये सामन्यापूर्वी मतदानही सुरू झाले. त्यात वारंवार तेच मॅप निवडले जाऊ लागले, तेव्हा लोक ज्याला मत देतात आणि ज्याची आठवण काढतात ते मॅप एकच नसतात, हे दिसून आले. मत बहुधा ओळखीच्या आणि झटपट मारामारीच्या मॅपला पडते.

बंजीनंतर मालिकेची धुरा 343 इंडस्ट्रीजकडे आली. 2014 च्या 'मास्टर चीफ कलेक्शन'मध्ये 'हेलो 2'चे सहा मॅप नव्याने रंगवून देण्यात आले. 2015 च्या 'हेलो 5'ने मॅप मोफत केले, पण झेप घेणे, कडा पकडून वर चढणे अशा नव्या हालचालींमुळे जुन्या आराखड्यांतली अंतरेच बिघडली. 'हेलो 2'मधल्या मिडशिप या मॅपवर बेतलेला ट्रुथ ओळखीचा वाटला, तरी पूर्वी उडी मारून गाठायच्या जागा आता सहज हाती येत. 'हेलो इन्फिनिट'मध्ये नोव्हेंबर 2022 मध्ये फोर्ज आल्यावर खेळाडूंनी रचलेले मॅप अधिकृत प्लेलिस्टमध्येही घेतले जाऊ लागले.