कमी पाण्याचा मोठा पूर

अलास्कातल्या नेनाना गावात दर हिवाळ्यात गोठलेल्या टनाना नदीवर एक लाकडी तिकाटणं उभं करतात. त्याची दोरी काठावरच्या घड्याळाला जोडलेली असते. वसंतात बर्फ फुटून तिकाटणं वाहू लागलं की घड्याळ थांबतं, आणि ती वेळ ज्यानं बरोबर ओळखली असेल तो पैज जिंकतो. १९१७ पासून चाललेल्या या जुगारानं हवामान अभ्यासकांना शंभरावर वर्षांची नोंदवही फुकटात मिळवून दिली आहे. तिच्यातली सर्वांत उशिराची तारीख २० मे २०१३ ही आहे.

टनाना पुढे युकॉन नदीला मिळते. त्या संगमाच्या बऱ्याच खाली, युकॉनच्या काठी, गलीना हे जेमतेम पाचशे वस्तीचं गाव आहे. तिथं रस्ता जात नाही. उन्हाळ्यात होडी, एरवी विमान. २०१३ मध्ये घड्याळ थांबल्यावर आठवड्याभरात हे गाव जवळपास सगळं पाण्यात होतं. घरांच्या आजूबाजूला बर्फाचे मोठाले तुकडे तरंगत होते. जुन्या हवाई तळाभोवतीचा बांध टिकला, म्हणून लोकांना आसरा मिळाला आणि त्यांना विमानानं हलवता आलं. पाऊस हे या पुराचं कारण नव्हतं. गावाच्या सुमारे ३० किलोमीटर खाली, बिशप रॉकच्या वळणावर बर्फ अडकून बसला होता.

नदीचा बर्फ दोन तऱ्हांनी जातो. दिवसा ऊन, रात्री थंडी असा वसंत सावकाश आला तर बर्फ जागच्या जागी कुजतो. ऊन आत शिरून स्फटिकांचे सांधे सुटतात, जाडी फारशी कमी झालेली नसतानाही ताकद निघून जाते. असा बर्फ वाहत्या पाण्यात विरून जातो आणि गावाला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरी तऱ्हा घातक. थंडी मे महिन्यापर्यंत रेंगाळते, बर्फ टणक राहतो, डोंगरातलं हिमही तसंच साठून असतं. मग एकदम उष्मा वाढतो. वितळलेल्या हिमाचं पाणी खालून बर्फ उचलतं, तो काठापासून सुटतो आणि मीटरभर जाडीच्या लाद्या फुटून खाली निघतात. पुढे न फुटलेला बर्फ, बेट किंवा तीव्र वळण आडवं आलं की त्या थांबतात.

थांबल्या म्हणजे नुसत्या रांगेत उभ्या राहत नाहीत. मागून येणारं पाणी ढकलत असतं, त्या एकमेकींवर चढतात, खाली दबतात. दोन्ही काठांशी होणारं घर्षण तो दाब पेलू शकेल इतका थर जाड होईपर्यंत ही रेटारेटी चालते. बर्फाचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो, त्यामुळे जाडी बहुतेक खालीच वाढते आणि पाण्याची वाट अरुंद होते.

शिवाय घर्षण आहे. उघड्या नदीत पाणी फक्त तळाशी घासतं. बर्फाखाली त्याला छतही असतं. तळाइतकंच खडबडीत छत धरलं, तरी रुंद नदीत तेवढाच प्रवाह वाहून न्यायला सुमारे ३२ टक्के जास्त खोली लागते. अडकलेल्या लाद्यांचं छत तर कितीतरी जास्त ओबडधोबड. म्हणून, उघड्या नदीतून निमूट वाहून गेलं असतं एवढंच पाणी गावात शिरतं. विसर्ग पाहून पातळी सांगण्याचं पुराचं नेहमीचं कोष्टक इथं निरुपयोगी ठरतं. अलास्कात यावर उपाय म्हणून हवामान खात्याचे आणि आपत्ती विभागाचे लोक बर्फ फुटण्याच्या दिवसांत छोट्या विमानांतून नदीवर घिरट्या घालतात. उपाय जुनाट वाटेल, पण बर्फ नेमका कुठं अडला हे पाहण्याला अजून तोड नाही.

बर्फ फोडत का नाहीत? फोडून पाहिला आहे. मे २००१ मध्ये सायबेरियात लेना नदीवर असाच बर्फाचा बांध साचला, तेव्हा रशियानं त्यावर विमानांतून बॉम्ब टाकले. तरीही लेन्स्क हे शहर बुडालंच. लेना उत्तरेकडे वाहते, म्हणजे वरचा भाग आधी वितळतो आणि खालचा गोठलेलाच असतो. फोडलेल्या बर्फाला पुढे जायला जागा नसेल तर बॉम्बनं फक्त आवाज होतो. आधीपासून केलेली तयारी त्यापेक्षा बरी. सायबेरियातल्याच याकुतिया प्रांतात वसंतापूर्वी अडचणीच्या जागी करवतीनं बर्फ कापून ठेवतात, त्यावर काळी भुकटी पसरतात, म्हणजे ऊन जास्त शोषलं जातं.

बांध अचानक सुटणं हेही संकटच. साठलेलं पाणी लाटेसारखं खाली धावतं आणि पुढचा बर्फ अवेळी फोडून नवा बांध रचतं.

या पुरावर जगणारी भूमीही आहे. कॅनडातल्या पीस-अथाबास्का त्रिभुज प्रदेशात काही तळी नदीपेक्षा उंचावर आहेत. उन्हाळी पूर तिथवर पोचत नाही. बर्फानं तुंबलेलं पाणीच ती भरतं. मध्ये बरीच वर्षं तसा पूर आला नाही की तळी आटतात, झुडपं माजतात आणि मस्करॅटसारखे पाणप्राणी दिसेनासे होतात.

हवा तापते आहे, तर हे पूर थांबतील का? सरासरीनं बर्फ लवकर जाऊ लागला आहे हे खरं. नेनानाचं घड्याळ २०१९ मध्ये १४ एप्रिललाच थांबलं. पण सरासरीवर गाव बुडत नाही, एखाद्या विचित्र वर्षी बुडतं. २००९ मध्ये अचानक वाढलेल्या उष्म्यानंतर युकॉनवरच्या ईगल गावात बर्फानं घरं उचलून नेली. नंतर तिथल्या आदिवासी वस्तीनं उंचावर नवी घरं बांधली. २०२३ चा एप्रिल अलास्कात कडाक्याचा होता आणि मे महिन्यात युकॉनवरचं सर्कल व कुस्कोक्विम नदीवरचं क्रुकेड क्रीक ही गावं बुडाली. म्हणून तिथले पूर-अंदाजकार एप्रिलअखेर बर्फाची जाडी आणि साठलेलं हिम मोजून झालं की पुढच्या पंधरवड्याचं तापमान पाहतात, आणि त्यातही उष्मा कसा चढतो आहे यावर त्यांचं लक्ष असतं: हळूहळू, की एका झटक्यात.