इंजिन-ओळख व तिचा स्प्रेडशीट तक्ता

मोटारीच्या इंजिनाचा प्रकार ठरवून त्याची नोंद संगणकावरच्या तक्त्यात ठेवण्याची गॅरेजातील पद्धत. गोव्यात घरच्या पांढऱ्या पाटीच्या, टॅक्सीच्या पिवळ्या पाटीच्या आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या 'रेंट-अ-कॅब' (स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या) गाड्या एकाच मेस्त्रीकडे येतात. फोंड्याची जीए-०५ आणि म्हापशाची जीए-०३ अशा दोन स्विफ्ट शेजारी उभ्या असल्या, तर बाहेरून सारख्याच दिसतात. पण एकीत १२४८ सीसीचे डिझेल इंजिन असू शकते, दुसरीत ११९७ सीसीचे पेट्रोल. दोन्हींचे ऑइल आणि फिल्टर वेगळे, म्हणून गाडीच्या नावावर विसंबणे धोक्याचे.

ओळखीची जुनी रीत कानाची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, म्हणून त्याचा टकटक आवाज येतो. मात्र कॉमन रेल इंजिनात (सर्व सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन पुरवणाऱ्या) मुख्य फवाऱ्याआधी थोडे इंधन सोडून तो आवाज बराच कमी केलेला असतो, आणि तिथे कान फसतो. डोळ्यांची खूण अधिक भरवशाची: आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल असते, त्या मोजल्या की सिलिंडर कळतात. डिझेलमध्ये कॉइल नसते. तिथे इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या धातूच्या नळ्या मोजाव्यात. तीन सिलिंडरचे इंजिन न्यूट्रलवर किंचित जास्त थरथरते.

पक्का पुरावा मात्र ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या सांगाड्यावर, कोरलेला इंजिन क्रमांक. तो आरसीवरही असतो. मारुतीच्या क्रमांकाची सुरुवातीची अक्षरेच इंजिनाचे नाव सांगतात: के१०बी म्हणजे ९९८ सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल, के१२एम म्हणजे चार सिलिंडर पेट्रोल, डी१३ए म्हणजे चार सिलिंडर डिझेल. किनाऱ्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात आकडे गंजाने पुसट होतात. तेव्हा जागा पुसून, कागद ठेवून वर पेन्सिल घासतात; छाप उमटते.

इथून तक्त्याचे काम सुरू होते. गाडी क्रमांक, इंजिन क्रमांक, प्रकार आणि इंधन एवढे स्तंभ पुरतात. इंजिन क्रमांक 'बी' स्तंभात असेल, तर =लेफ्ट(बी२,४) हे सूत्र पहिली चार अक्षरे वेगळी काढते (संगणकात अर्थात रोमन अक्षरांत लिहायचे). शेजारच्या छोट्या कोष्टकातून व्हीलूकअप त्या अक्षरांचा प्रकार शोधून आणते. जुन्या मारुती ८०० च्या एफ८बी इंजिनाचे नाव तीनच अक्षरांचे, म्हणून तिथे हे सूत्र एक अक्षर जास्त उचलते. अशा नोंदी वेगळ्या हाताळाव्या लागतात.

व्हीलूकअपच्या शेवटच्या जागी 'फॉल्स' (म्हणजे तंतोतंत जुळणारेच उत्तर हवे) लिहायला विसरू नये. तो भाग लिहिलाच नाही की सूत्र जवळपासचे उत्तर शोधते, आणि चूक न दाखवता पेट्रोल गाडीपुढे डिझेल छापू शकते. चूक दाखवणारा संदेश आला तर माणूस थांबतो; चुकीचे उत्तर आले तर चुकीचा फिल्टर मागवला जातो. दुसरी अडचण शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांच्या गोंधळाची. सतरा अक्षरी चॅसिस क्रमांकात आय, ओ व क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत, त्यामुळे तिथे 'ओ' दिसला की शून्य समजून दुरुस्त करता येतो. इंजिन क्रमांकाला तो नियम नाही, छाप पुन्हा पाहावी. नुसत्या आकड्यांचा क्रमांक भरण्याआधी स्तंभ 'टेक्स्ट' करून घ्यावा, कारण एक्सेल संख्येतले पहिले १५ अंकच जपते.

पुढचे सोपे आहे. काउंटइफ डिझेल गाड्या किती ते मोजते, आणि एखादा इंजिन क्रमांक दोनदा आला असेल तर तेही दाखवते. समइफ प्रत्येक प्रकाराला लागलेल्या ऑइलची बेरीज देते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही हीच सूत्रे चालतात आणि त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून लहान गॅरेजाने तेच घ्यावे.

नंतर बसवलेले सीएनजी किट मात्र क्रमांकावरून कळत नाही, कारण इंजिन तेच पेट्रोलचे असते. त्यासाठी डिकी उघडून टाकी पाहावी आणि इंधनाचा रकाना हाताने भरावा.