शेऱ्यांची संख्या आणि प्रोग्रॅमरची योग्यता
‘कोड रिव्ह्यूमध्ये जितके शेरे जास्त, तितका कोड लिहिणारा कच्चा’ हा कोड रिव्ह्यूबद्दलचा, म्हणजे एकाने लिहिलेला कोड मंजूर होण्याआधी सहकाऱ्याने तपासून शेरे देण्याबद्दलचा, समज वर्षानुवर्षे फिरत आहे. वस्तुतः शेऱ्यांची संख्या बदलाचा आकार, त्या भागाची गुंतागुंत आणि तपासणाऱ्याची बारकाई यांवरही अवलंबून असते; शिवाय अनेक शेरे चूक दाखवत नाहीत, तर ‘ही यादी रिकामी आली तर काय होईल?’ असे विचारतात किंवा व्हेरिएबलला (कोडमध्ये मूल्य साठवणाऱ्या घटकाला) अधिक स्पष्ट नाव सुचवतात. पडताळा घ्यायचा असल्यास आपल्या मागील 10 रिव्ह्यूंमधील शेरे दोष, प्रश्न आणि निव्वळ वैयक्तिक आवड असे वेगळे करावेत व प्रत्येक रिव्ह्यूपुढे बदललेल्या ओळींची संख्या लिहावी. हजार ओळींच्या बदलावर एकही शेरा नसेल, तर तो निर्दोष असण्यापेक्षा पुरता न वाचताच मंजूर झाला असण्याची शंका मला आधी येते.