रशियातले दोन 'डच': पीटर्सबर्गचे पेढीवाले आणि नीपरकाठचे मेनोनाइट

आडनाव जान्सेन, पूर्वज झारच्या रशियात, मूळ डच. एवढ्या माहितीवरून माणूस कुठल्या गटातला हे सांगता येत नाही. वंशावळी जुळवताना घोळ होतो तो इथेच.

पहिला गट फ्रीझेनफेनचा. नेदरलँड्सच्या पूर्वेकडच्या ट्वेंटे भागातलं हे दलदलीच्या जमिनीवर वसलेलं गाव. शेती बेताची, त्यामुळे घरोघरी तागाचं कापड विणायचं आणि बाहेर नेऊन विकायचं. 1703 साली पीटर्सबर्ग वसलं आणि पुढे 18 व्या शतकात गावच्या व्यापाऱ्यांनी तिथे बस्तान बसवलं. नेव्हस्की रस्त्यावरच्या गोस्तिनी द्वोर बाजारात त्यांची दुकानं होती. कापडाच्या जोडीला पुढे चहा, तंबाखू, कोकोही आला. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, जमीनही दिली नव्हती. भागीदारी नात्यागोत्यातली, गुमास्ते गावाकडून आणलेली पोरं, लग्नं बहुतेक गावातच. कोकणातल्या चाकरमान्यासारखं पोट शहरात, घर गावात. गावात त्यांना 'रुसलुई', म्हणजे रशियावाले, म्हणत.

दुसरा गट मेनोनाइटांचा, हा एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ. त्यांचं सगळंच वेगळं. मुळात ते नेदरलँड्समधून थेट रशियात आलेच नाहीत. धार्मिक छळामुळे त्यांचे पूर्वज 16 व्या शतकात आजच्या पोलंडमधल्या व्हिस्तुला नदीच्या मुखाकडे गेले. तिथे दोनशेहून अधिक वर्षं राहिल्यावर काही जण दक्षिण रशियात (आजच्या युक्रेनमध्ये) उतरले आणि दोन वसाहती उभ्या राहिल्या: 1789 मध्ये नीपर नदीकाठी खोर्तित्सा, 1804 मध्ये मोलोच्ना. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या 1763 च्या जाहीरनाम्याने परदेशी वसाहतकऱ्यांना दार उघडलं होतं. मेनोनाइटांना पुढे दर कुटुंबामागे 65 देस्यातिना जमीन (सुमारे 71 हेक्टर), धर्मस्वातंत्र्य आणि लष्करातून सूट मिळाली. म्हणून 'कॅथरीनने बोलावलेले डच व्यापारी' असं कुठे वाचलंत, तर लिहिणाऱ्याने दोन गट एकत्र केलेत हे ओळखा. 1697 मध्ये झार पीटर नेदरलँड्समधल्या झान्डामला जहाजबांधणी शिकायला गेला होता, त्या गोष्टीचाही या दोघांशी थेट संबंध नाही.

दोघांच्या अडचणीही निराळ्या. मेनोनाइटांची शेतं वाटून देता येत नसत, त्यामुळे 1860 च्या दशकापर्यंत मोलोच्नात बहुसंख्य कुटुंबं भूमिहीन झाली. 1874 मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि त्या दशकात हजारो जण कॅनडा-अमेरिकेला गेले. रुसलुईंना ना जमिनीची चिंता, ना वाटणीची. पण सगळा व्यवहार जवळजवळ एकाच शहरावर उभा होता. 1917 च्या क्रांतीने तो बुडाला आणि बरेच जण नेदरलँड्सला परतले.

बोलीवर विसंबू नका, दोन्ही बोली निम्न-जर्मन (लो जर्मन) कुळातल्याच. चर्चच्या नोंदवह्या बघा. पीटर्सबर्गचं डच चर्च रिफॉर्म्ड पंथाचं, तिथे तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होई. मेनोनाइट जाणत्या वयातच बाप्तिस्मा घेतात, म्हणून त्यांच्या वहीत जन्म आणि बाप्तिस्मा यांत वीसेक वर्षांचं अंतर सहज दिसतं. जन्मानंतर आठवड्याभरात बाप्तिस्मा झालेला असेल, तर ते मूल मेनोनाइट घरातलं असण्याची शक्यता फार कमी.